खालच्या मजल्यावरचा मारेकरी

ज्या माणसाने माझा कुत्रा मारला तो अजून जिवंत आहे. बाणेरला मुलाच्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो, रोज सकाळी पांढरे बूट घालून फिरायला जातो, आणि साखर, रक्तदाब सगळं ताब्यात आहे म्हणे. हे मला ठाऊक आहे कारण मी चौकशी करत असते. एखादी वाईट बातमी कळेल या आशेनेच करते. अजून कळलेली नाही.

कुत्र्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते त्या माणसाच्याही तोंडात होतं. शेवटच्या दुपारी त्याने त्याच नावाने हाक मारली असणार आणि आमचं वेडं शेपूट हलवत गेलं असणार. तेव्हापासून ते नाव मला उच्चारवत नाही. आणि त्या माणसाला मी नुसतं 'खालचा' म्हणेन. वीस वर्षं त्याला काका म्हणत होते, ते आता बंद.

आमची सोसायटी गुलटेकडीच्या अंगाला. तीन मजले, बारा फ्लॅट, मागे पंपाची खोली. वारा फिरला की मार्केट यार्डातल्या कांद्याचा वास थेट स्वयंपाकघरात. बाबा शाळेत संस्कृत शिकवायचे. निवृत्तीनंतर कसबा पेठेतल्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून आम्ही इथे पहिल्या मजल्यावर आलो, आणि बरोबर आमच्या खाली हा. आई लवकर गेली, मी लग्न केलं नाही, एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात नोकरी करत राहिले. घरात दोन माणसं, दोघंही कमी बोलणारी. मग एके दिवशी बाबा स्वारगेटहून भाजी घेऊन आले. पिशवीत वर मेथीची जुडी आणि मेथीखाली तो.

गावठीच होता. तपकिरी, एक कान उभा, दुसरा पडलेला. मेथीला मुताचा वास येत होता म्हणून मी पहिल्याच दिवशी भांडण केलं. बाबा म्हणाले, "दोन दिवस राहू दे, मग बघू." तो नऊ वर्षं राहिला. बाबा इतकं बोलतात हे मला त्याच्यामुळे कळलं. दुपारी मी कचेरीत असताना ते त्याला पेपर मोठ्याने वाचून दाखवत, आणि संध्याकाळी मला सांगत की अग्रलेख त्याला पटलेला नाही.

त्याची एक सवय सांगायलाच हवी, कारण सगळं तिच्यावरच आहे. बाबा जेवायच्या आधी ताटाभोवती पाणी फिरवायचे, चित्राहुती घालायचे. पिल्लू असताना तो ताटात तोंड घालायला धावायचा. एकदा बाबांनी गमतीने त्याच्या वाडग्याभोवतीही पाणी फिरवलं आणि म्हणाले, "आता जेवा." दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. महिन्याभरात असं झालं की वाडग्याभोवती पाणी फिरवल्याशिवाय तो अन्नाला तोंड लावेना. समोर मटण ठेवलंत तरी नाही. आमच्याकडे मटण नव्हतंच, पण एकदा शेजारच्या बिल्डिंगमधल्या कोणीतरी प्रयोग करून पाहिला होता. रस्त्यावर पडलेलं तो हुंगायचा आणि पुढे जायचा. मी हसायचे, बाबांना मात्र त्याचा फार अभिमान. म्हणायचे, "माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत हा एकच विद्यार्थी घडला."

पाण्याचं हे गुपित सोसायटीत आमच्याशिवाय एकाच माणसाला ठाऊक होतं. आम्ही एका लग्नाला चार दिवस कोल्हापूरला गेलो तेव्हा त्याला खालच्याकडे ठेवलं होतं. पहिल्या दिवशी त्याने अन्नाला शिवलंच नाही. खालच्याने कोल्हापूरला फोन लावला, आणि बाबांनी भर मांडवात ओरडून सांगितलं, "अहो, पाणी फिरवा! डावीकडून उजवीकडे!" सगळा मांडव आमच्याकडे पाहत होता.

तर असा शेजार. त्याची बायको वारली तेव्हा पंधरा दिवस त्याचा डबा आमच्याकडून गेला. मुलगा एकच, हुशार. त्या वर्षांत ज्याच्या त्याच्या घरातून एक कॉम्प्युटरवाला निघत होता, तसा हाही निघाला. कंपनी अमेरिकेसाठी काम करायची, त्यामुळे याचं ऑफिस आपण जेवायला बसतो तेव्हा सुरू व्हायचं आणि दूधवाला येतो तेव्हा संपायचं. दिवसभर झोपायचं. पुण्यात दिवसा झोपायची परंपरा आहे, पण ती एक ते चार. हा आठ ते चार झोपणार, आणि तेवढ्या वेळात पोस्टमन, भंगारवाला, यार्डात जाणारे टेम्पो, सगळ्यांवर भुंकायचं काम आमच्याकडे.

मुलगा एकदा जिन्यात भेटला. डोळे लाल. म्हणाला, "ताई, प्लीज काहीतरी करा ना. मी सीरियसली झोपलो नाहीये. मॅनेजर म्हणतो परफॉर्मन्स डाऊन आहे. ऑनसाइट जायचा चान्स जाईल यार." मी त्या दिवसापासून दुपारी कुत्र्याला आतल्या खोलीत ठेवायला बाबांना सांगितलं. बाबा ठेवायचे. पण तीनच्या सुमारास अर्धा तास तो एकटा खाली जाई, फाटक बंद असे, अंगणात फेरी मारून परत येई. तेवढं आम्ही ठेवलं होतं. अर्ध्या तासाने कुणाची अमेरिका बुडते असं आम्हाला वाटलं नाही.

मार्चमधल्या एका बुधवारी मी कचेरीतून आले तेव्हा तो जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पडला होता. तोंडाला फेस, पाय ताठ, डोळे उघडे. बाबा शेजारी बसून त्याच्या तोंडात पाणी घालायचा प्रयत्न करत होते. दोन रिक्षावाल्यांनी नाही म्हटलं, तिसरा थांबला. डॉक्टरकडे पोचलो तेव्हा तो होता. टेबलावर ठेवला आणि गेला. डॉक्टर तरुण होते. विचारलं, "विषबाधा वाटतेय. आज काय काय खाल्लं होतं?"

"सकाळी पोहे," बाबा म्हणाले. "उरलेले होते. मीच दिले."

"कांदा होता?"

"कांदेपोहे."

"कांदा कुत्र्याला वाईटच," डॉक्टर म्हणाले. पुढे ते बरंच बोलले. एवढ्याशा कांद्याने असं होत नाही, कीटकनाशकासारखं दिसतंय, नक्की सांगायचं तर चिरून पाहावं लागेल. बाबांनी यातलं काही ऐकलं नाही. ते 'वाईटच' या शब्दावर थांबले होते. चिरायचं म्हटल्यावर तेवढे भानावर आले आणि म्हणाले, "नको. आता त्याला आणखी काही करू नका." मी हट्ट धरायला हवा होता. धरला नाही.

कात्रजच्या पलीकडे एका ओळखीच्यांच्या जागेत त्याला पुरलं. घरी आलो तर खालचा दारात उभा. वर आला, बाबांच्या खांद्यावर हात ठेवून बसला. मी चहा केला, तो त्याने बशीत ओतून सावकाश प्यायला. मी त्याला चहा करून दिला, आणि साखर पुरे का म्हणून विचारलं. या गोष्टीची आठवण आली की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंपाच्या खोलीमागे गेले, कारण कुत्र्याचा पट्टा तिथे पडलाय असं बाबांना वाटत होतं. पट्टा नव्हता. तिथे शहाबादी फरशीवर धूळ साचलेली असते. त्या धुळीत एक कडं उमटलं होतं. पाणी वाळून गेलं होतं, पण कड स्पष्ट दिसत होती. हाताने नीट गोल फिरवलेलं, ताटाएवढं. आणि मधोमध तुपाचा डाग.

बाबांना हात धरून खाली आणलं. त्यांना मोतीबिंदू, ऑपरेशन पुढे ढकललेलं. वाकून वाकून बघितलं आणि म्हणाले, "स्कूटरच्या चाकाचा डाग असेल."

"इथे स्कूटर येते कुठे, बाबा? पाणी फिरवलंय. हे फक्त त्यालाच माहीत होतं."

"तुला वेड लागलंय. वीस वर्षांचा शेजार आहे. त्याच्या बायकोला मी खांदा दिलाय." मग थोड्या वेळाने, फरशीकडेच बघत, "माझ्या हातून गेला तो. उगाच दुसऱ्याचं नाव घेऊ नये." दहा वाजता झाडूवाली आली आणि तिने तेवढाही पुरावा झाडून टाकला.

घरी येऊन मी पहिलं काम काय केलं, तर त्याने चहा प्यायलेली कपबशी पिशवीत घातली, लाटण्याने फोडली आणि कचऱ्यात टाकली.

बाबांनी त्या दिवसापासून ताटाभोवती पाणी फिरवणं सोडलं. सत्तर वर्षांची सवय. हात पाण्याच्या भांड्याकडे जायचा आणि मागे यायचा. पोहे घरात बंद झाले. कुणी भेटायला आलं, कुत्रा दिसत नाही म्हणालं, की बाबा शांतपणे सांगायचे, "मी कांदा घातला त्याला." मी आतून ओरडायचे, "बाबा!" ते पुन्हा तेच सांगायचे. मला सूड हवा होता तो या वाक्यासाठी. कुत्रा परत येणार नव्हता. पण तो माणूस बाबांसमोर उभा राहून 'मी मारलं' म्हणाला असता, तर बाबांच्या डोक्यावरचं हे ओझं उतरलं असतं. मला तेवढंच हवं होतं असं मी स्वतःला सांगत असे. खोटं कशाला बोलू, मला त्याला रडवायचंही होतं.

आणि गंमत बघा, तीन महिन्यांत मुलगा ऑनसाइट गेला. न्यू जर्सी. तिथे तो चारचौघांसारखा झोपत असणार. म्हणजे उन्हाळाभर त्या बापाला नुसता धीर धरता आला असता तर माझा कुत्रा आज म्हातारा होऊन मेला असता.

आमच्या सोसायटीला सचिव मिळत नसे. दर वर्षी सभेत सगळे चपला बघत बसत. त्या वर्षी मी हात वर केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, खालच्यानेही वाजवल्या. सरकारी कचेरीतल्या आवक-जावक विभागातल्या बाईच्या हातात सोसायटीचं लेटरहेड आणि शिक्का देणं म्हणजे काय, हे त्या टाळ्या वाजवणाऱ्यांना माहीत नव्हतं.

पहिलं पत्र गाडी पांढऱ्या रेषेबाहेर येते म्हणून. दुसरं एसीचं पाणी गळतं म्हणून. तिसरं दारावरची पाटी ठरावातल्या मापापेक्षा मोठी आहे म्हणून. प्रत्येक पत्राला जावक क्रमांक, प्रत्येकाची पोच सहीनिशी. सुरुवातीला तो हसत यायचा. "अगं, हे काय आता? वरून हाक मारली असतीस तर काढली असती ना गाडी."

"आपण लेखी उत्तर द्यावं," मी म्हणायचे. काका नाही, अहो नाही, आपण. पुण्यात माणूस तोडायला एवढं पुरतं. वर्षभरात त्याचं 'अगं' गेलं आणि तो मला 'सचिव बाई' म्हणू लागला. मला बरं वाटलं.

मग मुलगा परतला, बाणेरला मोठा फ्लॅट घेतला, आणि खालच्याने आपला फ्लॅट विकायला काढला. तेव्हा भाव असे वाढत होते की गिऱ्हाइकं जिन्यात रांग लावायची. पण विकायला सोसायटीचा ना हरकत दाखला लागतो, आणि दाखल्यावर सचिवाची सही. ज्या दिवशी त्याचा अर्ज माझ्या टेबलावर आला त्या दिवशी मी येताना श्रीखंड आणलं. बाबांनी विचारलं, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "सहज."

अर्ज अडवायची एक पद्धत असते. सगळ्या त्रुटी एकदम दाखवायच्या नाहीत. एक दाखवायची, माणूस धावाधाव करून ती पुरी करतो, मग पुढची. बाल्कनी बंद केल्याची परवानगी जोडलेली नाही. जोडली? मग नकाशाची प्रत साक्षांकित नाही. मग वारसपत्र. मग पुढची समितीची बैठक पंधरा दिवसांनी. पहिलं गिऱ्हाईक कंटाळून गेलं. दुसऱ्याने दोन महिने वाट पाहिली. मी कुठलाच नियम मोडत नव्हते. सोसायटीच्या अध्यक्षांना, ते तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त वकील, माझं दप्तर इतकं नीटनेटकं कधी दिसलं नव्हतं.

बाबांना कळत होतं. ते आता बरेच थकले होते, घराबाहेर पडत नव्हते. म्हणायचे, "सही कर बाई त्याच्या कागदावर. जाऊ दे त्याला."

"करीन. आधी त्याने येऊन सांगू दे."

"काय सांगायचंय त्याने? माझ्या हातून गेलाय तो."

आणि तो आला. एकदा नाही, तीनदा.

पहिल्यांदा रविवारी सकाळी. मी साखळी न काढता फटीतून बोलले. म्हणाला, "तुझ्या वडिलांशी दोन मिनिटं बोलायचंय." मला वाटलं, आता बाबांच्या मऊपणाला हात घालणार. मुलीला सांगा, सही करायला लावा. मी म्हटलं, "सोसायटीचं काम सोसायटीच्या वेळेत." दार लावलं.

दुसऱ्यांदा आठवड्याने. "सोसायटीचं काम नाही. त्यांच्याशीच बोलायचंय. मला बरं वाटत नाही त्याशिवाय." त्याचा चेहरा उतरलेला होता. मला ते पाहून समाधान वाटलं, दुसरं काहीही वाटलं नाही. मी म्हटलं, "जे असेल ते लेखी द्या." लेखी द्या! असल्या गोष्टी माणूस काय दोन प्रतींत लिहून आणणार होता?

तिसऱ्यांदा आला तेव्हा बाबांनी आतून त्याचा आवाज ऐकला. पलंगावरूनच विचारलं, "कोण आहे गं? तोच का? येऊ दे की आत."

मी दार लोटून घेतलं आणि म्हटलं, "कोणी नाही. पेपरचं बिल."

"आवाज त्याच्यासारखा वाटला."

"भास झाला तुम्हाला."

त्यानंतर बारा दिवसांनी बाबा गेले. झोपेतच गेले, त्रास झाला नाही, लोक म्हणाले पुण्यवान माणूस. आदल्या संध्याकाळी मी चहा दिला तेव्हा म्हणाले होते, "आता तू कुत्रा आणलास कधी, तर कांद्याचं जप." मी कप उचलून आत नेला. मला सगळं वदवायचं होतं ते खालच्याच्या तोंडून.

वार्षिक सभा दीड महिन्याने झाली. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या, नऊ सभासद हजर, मी टेबलाशी इतिवृत्ताचे कच्चे कागद घेऊन. सगळे विषय झाले. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "ऐनवेळचे विषय?" आणि खालचा उठून उभा राहिला. मला वाटलं, दाखल्याची तक्रार करणार. मी उत्तर तयार ठेवलं होतं, क्रमांकांसकट.

तो म्हणाला, "यांचा कुत्रा मी मारला."

तो माझ्याकडे न बघता बोलत होता. "मुलाची झोप होत नव्हती. नोकरी जाईल म्हणून रडायचा तो. तुपातल्या पोळीत घालून दिलं. असा खात नव्हता, म्हणून पाणी फिरवलं. मग खाल्लं."

अध्यक्ष माझ्याकडे वाकले. हळू आवाजात म्हणाले, "हे लिहायचं का, बाई?"

"शब्दन् शब्द," मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. दोन वर्षं मी या क्षणासाठी जगले होते. अक्षर स्वच्छ येत होतं. कुत्रा मी मारला. पोळीत घालून. पाणी फिरवलं. मला वाटत होतं, लिही, लिही, यातलं काही सुटू देऊ नकोस.

तो अजून उभाच होता. आता त्याने माझ्याकडे पाहिलं. "हे मला यांच्या वडिलांना सांगायचं होतं. ते स्वतःला दोष देतात हे मला कळलं होतं. तीनदा वर गेलो. बाईंनी आत घेतलं नाही."

नऊही जणांनी माझ्याकडे पाहिलं. पेन कागदावर टेकलेलं होतं आणि शाईचा ठिपका मोठा होत होता. अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "सभा संपली असं जाहीर करतो."

दाखला मी दुसऱ्या दिवशी सही करून त्याच्या दाराखालून सरकवला. पंधरा दिवसांत तो गेला. जाताना वर आला नाही, आणि आला असता तर मी दार उघडलं नसतं. त्याने सांगितलं म्हणून मी त्याला माफ केलेलं नाही. नऊ वर्षांच्या विश्वासावर त्याने विष ठेवलं, आणि सांगायला दोन वर्षं लावली. पहिल्याच संध्याकाळी, माझा चहा पिताना सांगितलं असतं तर? त्याला अकराव्या मजल्यावर लिफ्ट बंद पडून जिना चढावा लागो, रोज चढावा लागो.

इतिवृत्त सभेच्याच रात्री वहीत पक्कं करायचं होतं. मी कच्च्यावरून एकेक ओळ उतरवली. ऐनवेळचे विषय, सभासदाचं निवेदन, कुत्रा, पोळी, पाणी, मुलाची झोप. त्यानंतरचं वाक्य मी उतरवलं नाही. त्याच्या जागी लिहिलं, 'अध्यक्षांचे आभार मानून सभा समाप्त झाली.' कच्चा कागद गॅसवर धरला.

पुढच्या वर्षीच्या सभेत पहिला विषय नेहमीचाच, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मीच उभं राहून वाचलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, सावकाश. त्याच खुर्च्या होत्या. खालचा सोडून, ज्यांनी ते वाक्य कानांनी ऐकलं होतं ती सगळी माणसं समोर बसली होती. अध्यक्षांनी विचारलं, "कुणाची काही दुरुस्ती?" मी एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कुणीतरी बोलावं असं मला वाटत होतं, अगदी मनापासून वाटत होतं. एकाने सुचवलं, एकाने अनुमोदन दिलं, आणि मी खाली सही केली.